हिरवळीवर बूट चालत नाहीत

१

मॅथ्यू हॉवट मंगळवारी मेला आणि शनिवारी आमच्या क्लबचा मोसम उघडायचा होता. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मॅथ्यूने जन्मभर प्रत्येक गोष्ट भलत्याच वेळी केली आणि मरणही तसंच आणलं.

त्याला पहिल्यांदा पाहिलं डॉड स्लोनने. डॉड आमच्या बोल्स क्लबचा माळी, लाकडी गोळे खेळायची हिरवळ राखणारा, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, नेटीचा, नवरा. आदल्या रात्री भरपूर ढोसल्यामुळे त्या दिवशी तो उशिरा कामावर आला. ऊन चांगलं वर आलं होतं. फाटक उघडंच होतं. हिरवळीच्या पलीकडच्या वरंब्यावर त्याला एक टोपी दिसली, आणि वरंब्याखालच्या चरात टोपीचा मालक. कानशील फुटलेलं, आणि शेजारी एक लाकडी गोळा.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? गोळ्याला हात न लावता पोलिसांना बोलावलं असतं. आमच्या जावयाने गोळा उचलला, काखेत मारला आणि भर रस्त्याने धावत चौकीत गेला. ज्या गोळ्याने माणूस मेला तोच घेऊन पोलिसांकडे जाणारा गाढव अख्ख्या आयर्शायर परगण्यात दुसरा सापडायचा नाही. सार्जंटने गोळा फिरवून त्यावरच्या हाडाच्या चकतीवर कोरलेली मालकाची अक्षरं वाचली. डी. एस. डॉड स्लोन. जेवायच्या वेळेपर्यंत डॉड कोठडीत होता.

कारण सोमवारी संध्याकाळी निम्म्या गावाने त्या दोघांचं भांडण ऐकलं होतं. डॉड बाकावर बसून आपले गोळे तेल लावून पुसत होता. मॅथ्यू हॉवट म्हणजे आमचा अध्यक्ष, आणि हिरवळीची जागा विकायचा वाद तेव्हा गावात पेटला होता. तो फाटकातून आत आला आणि म्हणाला, ''डॉड, तेल जपून ठेव रे. इथे बसगाड्यांचं गॅरेज झालं की चाकांना लावायला होईल. तुला बस धुवायची नोकरी देतील.'' डॉड उठला, ''तुझं डोकं फोडीन!'' म्हणून ओरडला, आणि गोळे तिथेच बाकावर टाकून दारूच्या दुकानाकडे गेला.

मॅथ्यूची ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. मी गावची स्पर्धा जिंकलो तेव्हा तो लांब चेहरा करून आला आणि म्हणाला, ''वॉट, तुझा गोळा नियमात बसत नाही. बक्षीस रद्द.'' मला घाम फोडला आणि मग पाठीमागून कप काढून हातात दिला. चांगली बातमीसुद्धा माणसाला आधी रडवून मग सांगायची. जित्याची खोड.

मी वॉट मीकल. कॉर्सबर्न या आमच्या खाणगावाच्या मुख्य रस्त्यावर माझं केस कापायचं दुकान आहे. त्या मंगळवारी सकाळी एप्रिल संपत आला तरी अशी थंडी होती की दुकानाबाहेरच्या बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी तो झाडूच्या दांड्याने फोडला. पहिलं गिऱ्हाईक आमच्या क्लबचे कप्तान, एबेन वायली. खुर्चीत बसले, पाय खुर्चीपुढच्या पट्टीवर ठेवले, आणि बूट नि विजार यांच्यामध्ये त्यांच्या उघड्या नडग्या दिसल्या, जखमेत कोळसा राहून झालेल्या निळ्या वणांनी भरलेल्या.

''काय कप्तान, मोजे विकून खाल्ले की काय?''

''रफू करणारी गेली,'' ते डोळे मिटून म्हणाले. ''कर तू तुझं काम.''

बिचाऱ्यांची बायको जानेवारीत गेली होती. मी जीभ चावली आणि गरम टॉवेल तोंडावर ठेवला. मग दूधवाला आला, मग पोस्टमास्तर, आणि तेवढ्यात डॉड काखेत गोळा घेऊन काचेसमोरून धावत गेला.

२

आयरहून इन्स्पेक्टर पर्डी आला. उंच, काटकुळा, पोटाचा दुखणेकरी. चहाऐवजी दूध प्यायचा आणि खिशातून ओटची कोरडी बिस्किटं काढून कुरतडायचा. माझ्याकडे दाढीला बसला तेव्हा दुकान भरलेलं होतं. कुणीतरी विचारलं, ''साहेब, तुम्ही बोल्स खेळता का?''

''मी गोल्फ खेळतो,'' पर्डी म्हणाला.

दुकानातल्या माना एकदम वळल्या. आमच्या गावात गोल्फ म्हणजे डॉक्टर आणि बँकवाल्यांचं खूळ. आम्ही पडलो खाणीतली माणसं. संध्याकाळी जॅक नावाचा छोटा पांढरा गोळा हिरवळीवर टाकायचा, आपला लाकडी गोळा घरंगळवत त्याच्या जवळात जवळ न्यायचा, जिंकलो तर पाय मोकळे आणि हरलो तर तोंड मोकळं. गोळा एका अंगाने जड असतो, सरळ कधी जात नाही, म्हणून तर खेळायला मजा.

कप्तान कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, ''जो खेळ खेळायला हिवाळ्यात घराबाहेर पडावं लागतं तो खेळ नव्हे, शिक्षा आहे.''

सगळे हसले. पर्डीही ओठ हलवून हसला. ''आणि तुम्ही हिवाळ्यात काय करता?''

''कोळसा काढतो, साहेब. अंधारात खाली जातो, अंधारात वर येतो. ऑक्टोबर ते एप्रिल हिरवळीला कुलूप. ती झोपते, आम्ही खणतो. मी गेल्या महिन्यात खाणीतून सुटलो. छातीच चालेना.''

''मग यंदाचा वसंत पहिल्यांदाच सकाळी पाहत असाल.''

''हो ना,'' कप्तान म्हणाले. ''सकाळ फार लांब असते हो. माहीतच नव्हतं.''

एबेन वायलींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. सव्वीस साली मालकांनी खाणींना टाळं ठोकलं तेव्हा गाव उपाशी होतं, आणि हा माणूस उपाशी लोकांना घेऊन सॉल्वे खाडीच्या किनाऱ्यावर गेला. तिथलं खाऱ्या पाण्याखाली वाढलेलं गवत चौकोन कापून गाड्यांत भरून आणलं आणि एक-एक तुकडा हाताने बसवून ही हिरवळ केली. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, गाडीमागे चालत होतो. ''रिकाम्या हाताचा माणूस बिघडतो,'' कप्तान म्हणायचे. माझा बाप खाणीत मेला. गोळा कसा धरायचा, हरल्यावर हात कसा मिळवायचा, दाढी कुठल्या दिशेने करायची नाही, सगळं मला त्यांनीच शिकवलं. आणि एकच कायदा घालून दिला: हिरवळीवर बूट चालत नाहीत. सपाट तळाचे जोडे घाला, नाहीतर मोज्यांवर या. राजा आला तरी टाचेचे बूट वरंब्यावर काढून ठेवायचे.

संध्याकाळी नेटी दुकानात आली. गिऱ्हाईक होतं तरी थांबली नाही.

''दादा, ते त्याला फाशी देतील.''

''असं कसं देतील?''

''गोळा त्याचा. बोटांचे ठसे त्याचे. धमकी देणारं तोंड त्याचं. आणखी काय हवं असतं?'' तिच्या हातात डॉडचा डबा होता, कोठडीतून तसाच परत आलेला. ''तो म्हणतो, त्याला आठवतच नाही घरी कसा आणि कधी आला, आणि मलाही जाग आली नाही. दादा, त्याने केलं असेल का?''

मला तिचा राग आला आणि स्वतःचाही, कारण तोच प्रश्न माझ्या मनात दिवसभर होता.

३

डॉड आत असल्यामुळे क्लबच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या होत्या. पर्डीने चौकशा क्लबच्या खोलीतच घेतल्या आणि मी दूध गरम करायला तिथेच राहिलो. त्याने मला बाहेर काढलं नाही. आता वाटतं, मुद्दामच.

पहिला आला रेनी कथबर्ट. बसगाड्यांचा मालक, पोट पुढे, सोन्याचं घड्याळ. आमची जागा त्याला गॅरेजसाठी हवी होती. समिती निम्मी-निम्मी फुटली होती, निर्णायक मत अध्यक्षांचं, आणि ते शनिवारी द्यायचं होतं.

''मॅथ्यू माझ्या बाजूने होता,'' रेनी म्हणाला. ''मी कशाला मारीन त्याला? कोंबडी अंडं देणार त्याच्या आदल्या दिवशी मान मुरगळू?''

''बाजूने होता, हे तो स्वतः म्हणाला?''

''सगळ्या गावाला म्हणत होता! गॅरेज, गॅरेज करून लोकांना चिडवत होता.''

पर्डीने त्याला प्रेत सापडलेली जागा दाखवायला सांगितलं. रेनी निघाला तो थेट हिरवळीवरून, पायात लोखंडी नाल ठोकलेले बूट. मी ओरडलो, बाहेर बसलेले कप्तान ओरडले, उपाध्यक्ष कर्कहोप ओरडला. तिघांचा आवाज एकदम. रेनी मध्येच थांबून हसला. ''गवत आहे रे, बायबल नाही!'' पर्डीचा एक पाय हिरवळीवर पडणार होता, तो त्याने हवेतून मागे घेतला आणि आमच्या तोंडांकडे पाहत राहिला.

नंतर अ‍ॅडम कर्कहोप. शाळेत भूगोल शिकवतो, तरुण आहे, घाम लवकर येतो. त्याचं मत जागा विकायच्या विरोधात. अध्यक्ष गेले की खुर्ची त्याच्याकडे येणार आणि निर्णायक मतही.

''हे मला कळतं, साहेब,'' तो म्हणाला. ''सगळ्यात जास्त फायदा माझाच झाला. पण मी झोपलो होतो. एकटा राहतो, साक्षीदार कुठून आणू?''

त्याने बोलताना एकदाही पर्डीकडे पाहिलं नाही, आणि गंमत म्हणजे पर्डीनेही त्याच्याकडे पाहिलं नाही. मला ते खटकलं. माझ्या मनात कर्कहोपला फाशी देऊन झाली, आणि नेटीसाठी मला ते बरंही वाटलं.

शेवटी कप्तान. खोकत खोकत बसले.

''मंगळवारी पहाटे कुठे होता?''

''घरी. म्हातारा माणूस पहाटे कुठे असतो? झोप येत नाही म्हणून उठतो, मग दिवस सुरू कधी होतो याची वाट पाहत बसतो. मग वॉटकडे गेलो दाढीला.''

''डॉड स्लोनने खून केला असेल?''

कप्तानांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. ''नसेल केला असं वाटतं. पण गोळा त्याचा आहे. आणि पोलिसांना कळतंच की. पुरावा नसेल तर सोडतील ना त्याला?''

''या पुराव्यावर लोक फासावर गेलेत,'' पर्डी म्हणाला.

कप्तानांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. दूध उतू गेलं तेव्हा मी भानावर आलो.

४

शुक्रवारी सकाळी कर्कहोप माझ्या दुकानात धापा टाकत आला. ''वॉट, चल! हिरवळ मेली!''

तिथे वीस-पंचवीस माणसं गोळा झाली होती. सगळी वरंब्यावर, खाली कुणी उतरेना. त्या गुळगुळीत हिरव्या गवतावर तपकिरी काळसर डाग उठले होते. आदल्या दिवशी कुणालाही काही दिसलं नव्हतं. कुणी म्हणालं बुरशी, कुणी म्हणालं रेनीने विष टाकलं. म्हातारी जॅनेट गिल्मर म्हणाली, ''मॅथ्यूचा शाप आहे. उद्या मोसम उघडूच नका.'' कप्तान वरंब्यावर उकिडवे बसले होते. माणसाचं कुणी गेल्यावर बसतात तसे.

पर्डी आला. डाग पाहिले. खाली वाकला, चालत चालत हिरवळीच्या कडेकडेने गेला, परत आला, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर रंग दिसला.

''मीकल,'' तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ''हे डाग नाहीत. पावलं आहेत.''

मी पुन्हा पाहिलं. एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. बाकापासून निघून सरळ हिरवळ ओलांडून, मॅथ्यू पडला होता त्या जागेपर्यंत. आणि परत.

५

पर्डीने मला क्लबच्या खोलीत नेलं, दार लावलं, आणि खिशातलं बिस्किट मोडून अर्धं मला दिलं.

''गोल्फमध्ये हिवाळ्यात एक नियम असतो,'' तो म्हणाला. ''गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं असेल तर पाऊल टाकायचं नाही. गोठलेलं पातं काचेसारखं फुटतं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी पाऊल मरून वर येतं. मंगळवारी पहाटे दहिवर होतं?''

''माझ्या बादलीवर बर्फ होता.''

''आणि डॉड आला तेव्हा ऊन. दहिवर वितळलेलं. म्हणून त्याला माग दिसला नाही, आणि नंतर रेनी बूट घालून चालला त्याची खूण उठली नाही. जो पहाटे चालला त्याचीच पावलं उठली. आता ऐक. टाचेचा बूट असता तर पाऊल दोन तुकड्यांत उठलं असतं, तळवा वेगळा, टाच वेगळी. हे अखंड आहे. बोटांपाशी रुंद. त्याने बूट काढले होते.''

''म्हणजे रेनी नाही,'' मी म्हणालो.

''रेनी बायबलवरूनही बूट घालून चालेल. ज्याने बूट काढले त्याला हिरवळीची काळजी होती, रागाच्या भरातसुद्धा. म्हणजे तुमच्यातला. पण ज्याला एवढी काळजी, तो दहिवरावरून का चालला? त्याला ठाऊक नव्हतं म्हणून. डॉड इथे हिवाळाभर काम करतो, त्याला ठाऊक आहे. दारू पिऊनसुद्धा हात-पाय आपली सवय विसरत नाहीत. डॉड नव्हे.''

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली नाही.

''मग कर्कहोप.''

पर्डी हसला. ''कर्कहोप दर रविवारी आमच्या क्लबवर गोल्फ खेळतो, हिवाळाभर. तुम्हाला कळलं तर तोंड दाखवता येणार नाही म्हणून माझ्या पाया पडलाय. त्याला दहिवराचा नियम माझ्याइतकाच माहीत. नाही, मीकल. हा असा माणूस आहे ज्याने हिवाळ्यातली सकाळ कधी पाहिलीच नाही. अंधारात खाली, अंधारात वर. खाणीतला माणूस.''

''क्लबात ऐंशी जण खाणीतले आहेत.''

''म्हणून तुला विचारतोय. अनवाणी किंवा मोज्यांवर एवढं दहिवर तुडवल्यावर मोजे चिंब होतात. माणूस ते काढून फेकतो आणि उघड्या पायात बूट घालतो. गावात सकाळी सगळ्यात आधी लोकांचे पाय कोण बघतं? तुझ्या खुर्चीपुढे पट्टी आहे, मीकल. मंगळवारी सकाळी तिच्यावर कुणाचे पाय होते?''

मला उत्तर माहीत होतं. त्याचा प्रश्न संपायच्या आतच माहीत होतं. निळे वण, उघड्या नडग्या, आणि मी केलेला विनोद.

मी खिडकीबाहेर पाहिलं. कप्तान अजून वरंब्यावर बसले होते. ज्या माणसाने मला गोळा धरायला शिकवलं तो, आणि कोठडीत ज्याच्यासाठी नेटी डबा घेऊन जात होती तो. एकाचं नाव घेतलं की दुसरा सुटणार होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण लहानपणापासून ऐकली, पण चोराचं नाव आपल्याच तोंडून निघायचं असेल तर जीभ किती जड होते ते मला त्या दिवशी कळलं.

''साहेब, मीच त्यांच्याकडे जातो,'' मी म्हणालो. ''तुम्ही मागे या.''

६

मी शेजारी बसलो. कप्तानांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

''वॉट, ही अशी का झाली रे?''

''दहिवर होतं, कप्तान. दहिवरावरून चाललं की गवत मरतं.''

त्यांनी पावलांच्या त्या रांगेकडे पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. त्यांचा हात आपसूक आपल्या बुटांकडे गेला.

''मला कुणी सांगितलं नाही,'' ते म्हणाले. ''पांढरं दिसत होतं. मला वाटलं, छान दिसतंय.''

''बूट काढले होते तुम्ही.''

''मग काय बूट घालून जाणार होतो हिरवळीवर?'' ते चिडून म्हणाले, जसे मला लहानपणी रागवायचे. आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. बराच वेळ ते खोकत राहिले.

''झोप येत नव्हती. फाटक उघडं दिसलं. मॅथ्यू पलीकडे उभा. मला बघून ओरडला, 'एबेन, शेवटचं बघून घे! इथे डबल डेकर उभी राहील, तुझ्या नावाची पाटी लावू तिच्यावर.' बाकावर डॉडचे गोळे होते. गोळा दिसला की मी हातात घेतो, तुला माहीत आहे. घेतला. बूट काढले. चालत गेलो. बाजूच्या वाटेने गेलो असतो तर राग निवला असता रे वॉट. पण सरळ गेलो. तो हसतच होता.''

''आणि डॉड?'' माझा आवाज चढला. ''नेटीचा नवरा फासावर गेला असता, कप्तान! तुम्ही माझ्या खुर्चीत बसून दाढी करून घेतलीत!''

''माणसांत बसायचं होतं कुठेतरी,'' ते म्हणाले. ''मला वाटलं, सोडतील त्याला. रोज वाटायचं, उद्या सोडतील.''

मला त्यांचा इतका राग आला होता की हात उगारावासा वाटला, आणि इतकी माया आली होती की त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

पर्डी मागे येऊन उभा होता. त्याने टोपी काढली. ''मिस्टर वायली, मी हॉवटबाईंना भेटलो बुधवारी. त्यांनी सांगितलेली गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सोमवारी रात्री मॅथ्यूने बायकोला सांगितलं, की तो जागा विकायच्या विरोधात मत देणार आहे. कधीपासूनच ठरवलं होतं म्हणे. शनिवारी पहिला गोळा टाकायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं, तोपर्यंत सगळ्यांना जरा रडवू, असं म्हणाला. पहाटे उठून हिरवळ बघायला आला होता.''

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मॅथ्यूची तशीच गेली, आणि जाताना दोघांना घेऊन गेली.

मग कप्तान उठले, हळूहळू फाटकाकडे निघाले. हिरवळीच्या कडेने गेले, बाजूच्या वाटेने. फाटकापाशी थांबून मागे वळून म्हणाले, ''वॉट, त्या पावलांवर वाळू टाक. डॉडला विचार कशी टाकायची ते.''

७

एबेन वायली खटल्यापर्यंत जगले नाहीत. ऑगस्टमध्ये तुरुंगाच्या दवाखान्यात छातीने गेले. डॉड शुक्रवारी संध्याकाळीच सुटला. घरी येऊन स्वयंपाकघरात बसून राहिला आणि कुणाशी बोलला नाही. त्याने फक्त एवढंच सांगितलं की पावलं शेतातल्या गवताच्या कापणीपर्यंत भरून येतील, घाई करू नका.

शनिवारी मोसम उघडायचा की नाही यावर सकाळी समिती बसली. कर्कहोपने खुर्चीतून सांगितलं, ''उघडायला नको.'' सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षाची बायको पहिला गोळा टाकते आणि मग लोक टाळ्या वाजवतात, ही आमची सव्वीस सालापासूनची रीत. अध्यक्षच नाही तर गोळा कोण टाकणार?

तेवढ्यात मॅथ्यूची बायको, आयसोबेल हॉवट, फाटकातून आत आली. काळे कपडे, काळी टोपी, पायात टाचेचे काळे बूट. तिच्या हातात मॅथ्यूचा एक गोळा होता. लोकांनी वाट करून दिली.

ती वरंब्यावर थांबली, खाली वाकली आणि दोन्ही बूट काढले. ते कुठे ठेवावेत ते तिला कळेना. माझी बहीण नेटी पुढे झाली आणि तिने ते हातात घेतले. आयसोबेल काळ्या मोज्यांवर हिरवळीवर उतरली, गोळा टाकायच्या चटईपाशी गेली आणि कर्कहोपने टाकलेल्या पांढऱ्या जॅककडे पाहून गोळा सोडला.

गोळा घरंगळत गेला. त्या तपकिरी पावलांवरून गेला, जाताना आणि येताना उमटलेल्या दोन्ही रांगांवरून, शेवटी आपल्या जड अंगाकडे वळला आणि जॅकपासून हातभर अंतरावर थांबला. मॅथ्यूपेक्षा चांगला टाकला होता.

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. ती परत येईपर्यंत नेटी तिचे बूट छातीशी धरून उभी होती.